कुरू : एका थरथरीचा शोध

आज एका आजाराचा इतिहास सांगायचा आहे. तसा तो आजाराच्या कारणाचा इतिहास आहे, कारण आजार सगळ्यांना दिसत होता. कारण मात्र प्रत्येकाला वेगळं दिसत होतं.

पापुआ न्यू गिनीच्या पूर्वेकडच्या डोंगराळ भागात फोरे नावाचे लोक राहतात. त्यांच्या भाषेत थंडीने किंवा भीतीने अंग थरथरणं म्हणजे ‘कुरू’. (आपल्या कानाला लगेच कौरव आठवतात, पण त्याचा इथे काही संबंध नाही.) सुरुवात साधी असायची. धडधाकट बाई शेतात जाताना जरा लटपटायची. मग हातपाय, मान, सगळं अंग कापू लागायचं. काही महिन्यांत काठीशिवाय चालता येत नसे, मग बसताही येत नसे, पुढे गिळणंही बंद व्हायचं. साधारण वर्षभरात मृत्यू. काही रुग्णांना मध्येच विनाकारण हसू फुटायचं, म्हणून तेव्हाच्या वर्तमानपत्रांनी याला ‘हसरा मृत्यू’ म्हटलं. फोरे लोकांना त्यात हसण्यासारखं काहीच नव्हतं. बळी जात होत्या त्या मुख्यतः बायका, आणि मुलं. मोठे पुरुष क्वचित. काही गावांत बायका इतक्या कमी उरल्या, की मुलांना सांभाळायचं आणि शेती करायची हे सगळं बापांवर आलं.

फोरे लोकांचं निदान पक्कं होतं : करणी. शत्रू तुमचं उष्टं, केस किंवा कपड्याचा तुकडा चोरतो, पानांत बांधून त्याचं पुडकं करतो आणि ओल्या जमिनीत पुरतो. ते जसजसं कुजेल तसतशी तुमची थरथर वाढते. आपण याला हसू नये. आपल्याकडेही करणी-भानामतीच्या संशयावरून माणसं मारली गेली आहेत, तिथेही गेली. पण 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी मोठ्या सभा भरवल्या. चेटूक करणाऱ्यांना जाहीर विनवण्या केल्या की थांबवा आता, आमच्या बायका संपत चालल्या आहेत. वंश टिकेल की नाही, हा त्यांच्यापुढचा अगदी रोजचा प्रश्न होता.

आता डॉक्टरांकडे येऊ. हा प्रदेश तेव्हा ऑस्ट्रेलियाच्या कारभाराखाली होता. तिथले सरकारी डॉक्टर व्हिन्सेंट झिगास आणि अमेरिकन बालरोगतज्ज्ञ कार्लटन गायडुसेक यांनी 1957 मध्ये गावोगाव फिरून रुग्णांच्या नोंदी केल्या. संसर्ग म्हणावा तर ताप नाही, सूज नाही. विष म्हणावं तर सापडत नाही. जीवनसत्त्वं दिली, प्रतिजैविकं दिली, संप्रेरकं दिली, उपयोग शून्य. शवविच्छेदनात नुकसान दिसलं ते मेंदूत, विशेषतः तोल सांभाळणाऱ्या लहान मेंदूत. आजार घराघरांत दिसतो, तेव्हा आनुवंशिक असणार, हे मत जोर धरू लागलं. हे मत वरवर निरुपद्रवी वाटतं, पण दोष रक्तातच असेल तर या लोकांना बाहेर जाऊच देऊ नये, असाही विचार पुढे आला होता.

ही गाठ सुटायला दोन बाजूंनी मदत झाली, आणि त्यातली एकही अपेक्षित बाजू नव्हती. 1959 मध्ये विल्यम हॅडलो या पशुवैद्यक शास्त्रज्ञाने लंडनमधल्या एका प्रदर्शनात कुरूने मेलेल्यांच्या मेंदूची चित्रं पाहिली. मेंशांना होणाऱ्या ‘स्क्रेपी’ या रोगात मेंदूच्या पेशींना अशीच भोकं पडलेली त्याने पाहिली होती. स्क्रेपी एका मेंढीतून दुसरीला देता येत होता, पण लक्षणं दिसायला फार वेळ लागायचा. त्याने ‘लॅन्सेट’ला पत्र लिहून सुचवलं, कुरूचाही प्राण्यांवर असाच प्रयोग करून बघा.

दुसरी मदत मानववंशशास्त्राची. शर्ली लिंडेनबॉम आणि रॉबर्ट ग्लास या जोडप्याने 1961 पासून फोरे लोकांमध्ये राहून म्हाताऱ्यांना विचारलं, हे कधीपासून आहे? उत्तर आलं, फार जुनं नाही, आमच्या आठवणीतलं आहे. अमक्या गावाहून आलं, मग तमक्या गावात. इतक्या थोड्या काळात जीवघेणा आनुवंशिक दोष एवढा पसरेलच कसा? आणि त्याच आठवणींत आणखी एक गोष्ट होती : मेलेल्या आप्तांचं मांस खाण्याची रीतही फार जुनी नव्हती. ही रीत क्रौर्याची नव्हती, ती शोकाची होती. आपलं माणूस किड्यांनी खाण्यापेक्षा आपल्या पोटात राहावं, ही भावना. हे काम बायकांचं. मेंदू त्या खात आणि जवळच्या मुलांना देत. पुरुष बहुतेक लांब राहत. बळी कोणाचे जात होते, ते आठवा.

1963 मध्ये अमेरिकेत चिंपांझींना कुरूच्या रुग्णांच्या मेंदूचा अंश टोचला. वाट पाहिली. जवळजवळ दोन वर्षांनी त्यांचीही थरथर सुरू झाली. गायडुसेक, गिब्स आणि आल्पर्स यांनी 1966 मध्ये ते ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केलं, गायडुसेकना 1976 चं नोबेल मिळालं. हा संसर्ग जंतूचा नव्हे, घडी बिघडलेल्या प्रथिनाचा, म्हणजे ‘प्रायॉन’चा, हे स्टॅन्ली प्रुसिनर यांनी 1982 मध्ये मांडलं. आधी टीका झाली, मग 1997 मध्ये त्यांनाही नोबेल.

मांस खाण्याची रीत सरकारी बंदीमुळे 1950 च्या दशकातच सुटत गेली होती. त्याचा परिणाम आल्पर्सना क्रमाने दिसला : आधी लहान मुलांमधला कुरू थांबला, मग किशोरवयीनांमधला. रीत सुटल्यावर जन्मलेल्यांना तो झालाच नाही. पण आधी शिरलेला रोग काहींच्या शरीरात मुरत राहिला. 1996 ते 2004 या काळात 11 नवे रुग्ण सापडले. काहींच्या बाबतीत तो पन्नासहून अधिक वर्षं दबा धरून होता. ब्रिटनमध्ये ‘मॅड काऊ’ रोगाची भीती पसरली, तेव्हा माणसात असा रोग किती वर्षं लपू शकतो, याचा अंदाज बांधायला याच नोंदी कामी आल्या.

आणि आनुवंशिकता? ती शेवटी सापडली, पण उलट्या बाजूला. 2009 मध्ये त्याच भागातल्या लोकांमध्ये प्रायॉन प्रथिनाच्या जनुकाचं एक वेगळं रूप आढळलं, जे जगात दुसरीकडे कुठेच आढळलं नव्हतं. ज्यांच्याकडे ते होतं, त्यांना कुरू झाला नाही. ते घेऊन फिरणाऱ्यांमध्ये त्या जेवणांना बसलेल्या आणि तरीही वाचलेल्या म्हाताऱ्या बायका होत्या.