दीड व्होल्टचा आरसा

पॉलिटेक्निकच्या प्रयोगशाळेत मी हा प्रयोग दरवर्षी लावायचे. ब्रेडबोर्डवर दोन बीसी ५४७, दोघांचे बेस एकमेकांना जोडलेले आणि पहिल्याचा कलेक्टर त्याच्याच बेसला. पहिल्यातून १ मिलिअँपिअर सोडला की दुसराही जवळपास तेवढाच ओढतो. हा करंट मिरर. मग एखाद्या मुलीला म्हणायचे, दुसरा ट्रान्झिस्टर चिमटीत धर. “बाई, काटा सरकतोय!” नुसत्या बोटांच्या उबेने. तापमान एका अंशाने चढले की बेस-एमिटर व्होल्टेज सुमारे २ मिलिव्होल्टने उतरते, आणि प्रवाह दुप्पट व्हायला १८ मिलिव्होल्टचा फरक पुरतो.

सुट्या ट्रान्झिस्टरांच्या जमान्यात या आरशाचा भरवसा धरता येत नसे, तो यामुळेच. दोघे एकाच चिपवर, एकाच उबेत, जुळ्यांसारखे जन्माला येऊ लागले तेव्हा त्याचे दिवस पालटले. चिपवर मोठा रेझिस्टर जागा खातो, ट्रान्झिस्टर मात्र स्वस्तात बसतो, हे फेअरचाइल्डमधल्या बॉब विडलरने नेमके हेरले. १९६५चा त्याचा ७०९ ऑप-अँप याच विचारातून घडला.

एक खोट मात्र उरली होती. दोन्ही बेस थोडा थोडा प्रवाह खातात. गेन १०० असेल तर प्रतिबिंब २ टक्क्यांनी कमी भरते. १९६७ मध्ये अमेरिकेत टेक्ट्रॉनिक्समधल्या जॉर्ज विल्सन आणि बॅरी गिल्बर्ट यांची पैज लागली: तीनच ट्रान्झिस्टर वापरायचे आणि एका रात्रीत याहून सरस आरसा शोधायचा. विल्सन जिंकला. चूक ०.०२ टक्क्यांवर आली. तीन ट्रान्झिस्टरांत याहून देखणे काही मी पाहिलेले नाही.

पण त्याला व्होल्टेज जास्त लागते. शिरतानाच दोन बेस-एमिटर एकावर एक, म्हणजे १.३-१.४ व्होल्ट गेले. १५ व्होल्टच्या सप्लायवर ते जाणवतही नाही. एका सेलवर मात्र सगळे तिथेच संपते. विडलरने १९७८ मध्ये नॅशनल सेमिकंडक्टरमध्ये आणलेला एलएम१० तर १.१ व्होल्टवरही चालतो. तिथे अशी चळत रचायला जागाच नाही.

म्हणून शेवटच्या तासाला मी मुलींना घड्याळातून काढलेला, १.२ व्होल्टवर उतरलेला सेल द्यायचे. ५६० ओहम लावून आधी विल्सनची जोडणी: काटा जेमतेम हलायचा. मग तिसरा ट्रान्झिस्टर उपटून वायरी पुन्हा पहिल्यासारख्या लावायच्या. त्याच मरतुकड्या सेलवर काटा १ मिलिअँपिअरजवळ जाऊन थांबायचा.