वेबसाइट हलवली की जुन्या लिंक का तुटतात?

व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन वर्षांपूर्वी आलेली लिंक आज उघडायला जावी, तर समोर येतं: 'पान सापडलं नाही'. लेख काढून टाकला, असं आपण समजतो. पुष्कळदा लेख शाबूत असतो. साइट हलवताना त्याचा पत्ता तेवढा बदललेला असतो.

बातम्यांच्या किंवा संस्थांच्या बहुतेक साइट 'सीएमएस'वर चालतात. सीएमएस म्हणजे मजकूर लिहिण्याची, साठवण्याची आणि प्रसिद्ध करण्याची यंत्रणा. २००३ साली आलेलं वर्डप्रेस हे त्यातलं सर्वाधिक वापरलं जाणारं नाव. नीट सांभाळलेल्या साइटच्या किमान दोन प्रती असतात. एक 'लाइव्ह', म्हणजे तुम्हाला दिसते ती. दुसरी 'स्टेजिंग', म्हणजे रंगीत तालमीची जागा. नवी मांडणी, नवं बटण आधी तिथे तपासून बघतात.

कोड स्टेजिंगवरून लाइव्हकडे जातो. मजकूर मात्र सहसा उलट्या दिशेने, लाइव्हवरून स्टेजिंगवर आणतात. लाइव्ह साइटवर रोज नवे लेख आणि प्रतिक्रिया येत असतात. आठवड्यापूर्वीचा स्टेजिंगचा डेटाबेस सरसकट लाइव्हवर चढवला, तर त्या आठवड्यातलं सगळं पुसलं जातं. म्हणूनच मोठं स्थलांतर असलं की काही तास नवं लिखाण बंद ठेवतात.

मराठी साइटची एक वेगळीच अडचण आहे. बुलडाणा जिल्ह्यातल्या मेहकरचं शारंगधर बालाजी मंदिर प्रसिद्ध आहे. समजा, त्यावरच्या लेखाचं शीर्षक 'मेहकर शारंगधर बालाजी मंदिर' असं आहे. वर्डप्रेस शीर्षकावरून लेखाचा पत्ता तयार करतं आणि त्यासाठी २०० चिन्हांची मर्यादा घालतं. देवनागरीचं प्रत्येक अक्षरचिन्ह पत्त्यात टक्क्याच्या खुणांसह नऊ चिन्हं खातं. काना, वेलांटी, अनुस्वार हेही वेगळे मोजले जातात. नुसत्या 'मेहकर'लाच ४५ चिन्हं लागतात. पूर्ण शीर्षकाला २१० लागली असती, त्यामुळे शेवट कापला जातो आणि पत्त्यात 'मंदिर'चं 'मंद' उरतं!

गंमत वाटते, पण धोका पुढे आहे. हाच लेख दुसऱ्या यंत्रणेत नेला आणि तिने शीर्षकावरून पूर्ण पत्ता किंवा रोमन अक्षरांतला पत्ता नव्याने बनवला, तर 'मंद'वाली जुनी लिंक कुठेच पोहोचत नाही. उपाय साधा आहे. जुन्या-नव्या पत्त्यांची यादी करायची आणि जुन्यावर आलेल्याला '३०१ रीडायरेक्ट'ने नव्यावर पाठवायचं. कंटाळवाणं काम आहे, आणि नेमकं तेच राहून जातं.

अक्षरांचंही असंच. पूर्वीच्या कित्येक डेटाबेसमध्ये 'लॅटिन-१' ही युरोपीय अक्षरांची सोय असायची. मराठी तिच्यात कशीबशी साठवलेली असते. स्थलांतरात कुणी एन्कोडिंग चुकीचं सांगितलं, की अख्ख्या लेखाच्या जागी परकी चिन्हं दिसू लागतात. मायएसक्यूएलच्या जुन्या 'यूटीएफ-८' प्रकारात मराठी व्यवस्थित बसते, कारण देवनागरी चिन्हाला तीन बाइट पुरतात. इमोजीला चार लागतात. म्हणून काही ठिकाणी इमोजीपासून पुढचा मजकूरच गळतो. वर्डप्रेसने २०१५ मध्ये ४.२ आवृत्तीपासून चार बाइटची सोय केली.

स्टेजिंगचा पत्ता बदलून लाइव्हचा करायचा म्हणून डेटाबेसच्या फाइलमध्ये सरळ 'शोधा आणि बदला' चालवणं हीसुद्धा नेहमीची चूक. वर्डप्रेस काही सेटिंग साठवताना मजकुराची लांबी बाइटमध्ये लिहून ठेवतं. 'मेहकर' असेल तर १५. मजकूर बदलला आणि आकडा तोच राहिला, तर ते सेटिंग वाचताच येत नाही. त्यासाठी आकडाही दुरुस्त करणारी साधनं वापरावी लागतात.

मग सरळ कॉपी-पेस्ट का करू नये? गोव्याच्या कोंकणी विकिपीडियाकडे बघा. २०१५ मध्ये तो स्वतंत्र होईपर्यंत त्याचे लेख विकिमीडियाच्या 'इन्क्युबेटर'वर, म्हणजे नव्या भाषांच्या रोपवाटिकेत वाढत होते. तिथे प्रत्येक शीर्षकाआधी भाषेचं उपपद जोडलेलं असतं. ते काढून लेख नव्या घरी न्यावे लागतात, आणि संपादनांच्या इतिहासासकट. कोणी काय लिहिलं याची नोंद त्या इतिहासातच असते, आणि विकिपीडियाच्या परवान्यानुसार लेखकांना श्रेय देणं बंधनकारक आहे. कॉपी-पेस्टने मजकूर जातो, माणसं मागे राहतात.

तुमच्याकडची लिंक मेलीच असेल, तर लेखाचं शीर्षक अवतरणचिन्हांत घालून गूगलवर शोधा. नव्या पत्त्यावर तो बहुधा सापडतो. नाहीच सापडला, तर इंटरनेट आर्काइव्हच्या 'वेबॅक मशीन'मध्ये जुनी लिंक टाका. लिंक मात्र शेवटच्या टक्क्याच्या खुणेपर्यंत पूर्ण घ्या. फॉरवर्ड होताना ती अनेकदा मध्येच तुटते.