ओ-झिरोला चालतं, ओ-टूला पडतं

जुलै २००९. अंधेरी-कुर्ला रोडच्या मधोमध मेट्रोच्या कामाचे पत्रे ठोकलेत. वर्सोवा-घाटकोपर गाडी धावायला अजून पाच वर्षं आहेत, त्यामुळे तुम्ही शेअर रिक्षात ड्रायव्हरच्या बाजूला, अर्धे बाहेर, भिजत सीप्झच्या गेटवर उतरता. आयकार्ड, बॅगेची तपासणी. १९७३ साली इलेक्ट्रॉनिक्सच्या निर्यातीसाठी काढलेल्या या आवारात आता दागिन्यांचे कारखाने आणि सॉफ्टवेअरची ऑफिसं शेजारी शेजारी नांदतात. वर तुमच्यासाठी क्रॅश झालेल्या एका प्रोग्रामची कोअर फाइल येऊन पडली आहे.

प्रोग्रामचं काम साधं: नेटवर्कवरून पॅकेट घ्यायचं, पुढे धाडायचं. ओ-झिरोला, म्हणजे ऑप्टिमायझेशन बंद ठेवून बिल्ड केला तर दिवसभर बिनबोभाट चालतो. ओ-टूला, म्हणजे ऑप्टिमायझेशन चालू ठेवून केला की सेगमेंटेशन फॉल्ट. शेजारचा निकाल देऊन मोकळा होतो, "कंपायलरचाच, जीसीसीचाच बग आहे रे. टाक क्लायंटला मेल." सगळ्यांना हे लगेच पटतं, कारण त्यात आपल्यापैकी कुणाचंच नाव येत नाही.

तुम्ही जीडीबी डीबगर उघडता. बॅकट्रेस मेमकॉपीपाशी थांबतो. लांबी किती ते छापायला सांगितलं तर उत्तर येतं, व्हॅल्यू ऑप्टिमाइज्ड आउट. मग मेमरीत पडलेलं पॅकेटच वाचायला घेता. पहिले चार बाइट: सेव्हन-एफ, पुढे तीनदा एफ-एफ. म्हणजे २१४७४८३६४७. ३२ बिटांच्या इंटमध्ये याहून मोठा आकडा मावत नाही.

पण असा आकडा अडवायला कोडमध्ये ओळ आहे! लांबी अधिक ८ ही बेरीज लांबीपेक्षाच कमी भरली, तर पॅकेट फेकून द्यायचं. तुम्ही दोन्ही बिल्डची असेंब्ली शेजारी शेजारी लावता. ओ-झिरोत बेरीज, कम्पेअर, जम्प, सगळं जागच्या जागी. ओ-टूत त्या ओळीचा मागमूस नाही. तिच्या खालचा, पॅकेट उरलेल्या जागेत मावतं का बघणारा चेक शाबूत आहे, पण तो फसतो. ८ मिळवल्यावर बेरीज उलटून उणे २१४७४८३६४१ होते, उणे आकडा कुठल्याही जागेत मावतो, आणि मेमकॉपी २ जीबी ओतायला निघते.

"मॅडम, चेक खाल्लाय त्याने."

लीड मॅडम मुलुंडच्या. निघायच्या घाईत असूनही त्या वाकून बघतात. "खाल्लाय, पण परवाना काढून. मेकफाइलमध्ये डॅश-वॉल का नाहीये? लाव आधी."

लावता. इशारा येतो: साइन्ड ओव्हरफ्लो होत नाही असं धरून ही तुलना कायमची खोटी मानली आहे. सी भाषेच्या मानकात साइन्ड बेरजेचा ओव्हरफ्लो 'अनडिफाइन्ड' आहे, म्हणजे तो कधी घडतच नाही असं धरून चालायला कंपायलर मोकळा. जानेवारी २००७ मध्ये जीसीसीच्या बग-नोंदींत ३०४७५ क्रमांकाखाली हाच तंटा झाला होता. तक्रार अवैध ठरवून बंद केली गेली. नियमाने ते बरोबर होतं. तरी सुरक्षेसाठी लिहिलेली ओळ गुपचूप काढून टाकणं हा मला उद्धटपणाच वाटतो.

या हिशेबाची शाळा इथून जवळच, पवईत आहे. ढमढेरेंचं सिस्टिम्स प्रोग्रामिंगचं पुस्तक तुम्ही परीक्षेपुरतं चाळलेलं. त्यांच्याच आयआयटीतले उदय खेडकर जीसीसीच्या पोटात काय चालतं ते शिकवतात. अमिताभ सन्याल आणि बागेश्री करकरे यांच्यासह लिहिलेलं त्यांचं डेटा फ्लो अॅनालिसिसवरचं पुस्तक याच वर्षीचं: कुठली किंमत कुठवर पोचते, कुठला कोड निरुपयोगी ठरतो.

तुम्ही पुढल्या काळातून आलाय, म्हणून एक गोष्ट तोंडातच ठेवता. दोन वर्षांनी युटा विद्यापीठातले संशोधक सीस्मिथ नावाच्या प्रोग्रामने कंपायलरांमध्ये ३२५ हून जास्त बग सापडल्याचं जाहीर करतील. शेजाऱ्याचा संशय अगदीच खुळा नाही. आजच्या क्रॅशला तेवढा तो लागू पडत नाही.

"एफ-रॅप-व्ही लावून टाकू?" शेजारचा विचारतो. त्याने बेरीज ठरल्याप्रमाणे उलटेल आणि चेक परत येईल.

"आज रात्रीपुरतं लाव," मॅडम पर्स उचलतात. "पण चेक नीट लिही. लांबी उणे असेल तर फेक. आणि लांबीत ८ मिळवू नकोस, उरलेल्या जागेतून वजा कर. जागा ८ पेक्षा कमी नाही ना, तेवढं बघ."

मेलमधलं जीसीसीचं नाव खोडून तुम्ही ग्रेप मारता. त्याच धाटणीचे चेक आणखी फायलींत निघतात, बहुतेक शेजाऱ्याच्याच हातचे.