वकिलांच्या पेढीचें अर्थशास्त्र

वकील म्हटला कीं एकच माणूस डोळ्यांपुढें उभा राहतो. त्याची बुद्धि, त्याची वाणी आणि त्याचा लौकिक हेंच त्याचें भांडवल. तो गेला कीं तेंही गेलें. शेंकडों वकिलांनीं एका नांवाखालीं काम करावें आणि त्या नांवाचा धनी वारल्यावरही अशिलांनीं तोच उंबरठा चढावा, ह्या कल्पनेस शिस्तबद्ध रूप देण्याचें श्रेय न्यूयॉर्कच्या पॉल क्रॅव्हॅथ ह्यास बहुधा दिलें जातें.

क्रॅव्हॅथ 1899 सालीं ज्या पेढींत शिरला तिची वंशावळ 1819 पर्यंत मागें जाते. जुन्या कचेऱ्यांतील उमेदवार पुष्कळदां बिनपगारी असत. त्यांनीं नकला कराव्या आणि जमेल तसें शिकावें. पण आगगाड्यांच्या व विजेच्या कंपन्यांचें काम एकट्यादुकट्याच्या आवांक्यांतलें राहिलें नव्हतें. क्रॅव्हॅथनें नामांकित विद्यालयांतील अव्वल पदवीधर निवडले, त्यांस पगार दिला, आणि एका भागीदाराच्या हाताखालून दुसऱ्याच्या हाताखालीं असें त्यांस फिरविलें. गुंतागुंतीच्या प्रकरणाचे तुकडे कसे पाडावे हें उमेदवारानें प्रथम पाहावें, मग एकेक तुकडा स्वतः करावा. अशील पेढीचा, कोणा एकाचा नव्हे. भागीदार शक्यतों घरांतूनच घ्यावयाचे, आणि ज्याला भागीदारी मिळण्याजोगी नाहीं त्यानें कांहीं वर्षांनीं दुसरीकडे जावें. आपल्याकडील पेढीवर मुनीम जन्मभर मुनीम राहूं शके. येथें ती सोय नव्हती.

हा नियम निष्ठुर दिसतो, पण त्यामागें हिशेब आहे. साहाय्यकाच्या कामाबद्दल अशिलाकडून येणारी रक्कम त्याच्या पगाराहून व कचेरीच्या खर्चाहून जास्त असते. उरतें तें भागीदारांचें. समजा, दहा भागीदार व वीस साहाय्यक आहेत. पांच भागीदार निवृत्त झाले आणि दहा साहाय्यकांस बढती मिळाली, तर भागीदार पंधरा होतात, व तेंच प्रमाण राखण्यास तीस साहाय्यक लागतात. म्हणजे बढतीचें आमिष खरें ठेवावयाचें तर पेढीनें वाढलेंच पाहिजे. आणि तेवढें काम न मिळालें तर आमिष पोकळ ठरतें.

नफ्याची वांटणी मात्र ह्या पेढींत ज्येष्ठतेप्रमाणें होई. कोणीं किती अशील आणले हें मोजलें जात नसे, म्हणून अशील सहकाऱ्याच्या हातीं सोंपविण्यांत कोणाचें नुकसान नव्हतें. पैशाच्या व्यवहारांत इतका विश्वास क्वचितच आढळतो.

त्याला धक्का लागला तो एका मासिकामुळें. 1979 सालीं निघालेल्या ‘अमेरिकन लॉयर’नें 1985 मध्यें पन्नास मोठ्या पेढ्यांच्या उत्पन्नाचे व नफ्याचे आंकडे छापले. शेजारच्या पेढींतील भागीदारास काय मिळतें हें प्रत्येकास दिसूं लागलें, आणि अशील बरोबर घेऊन पेढी बदलणें ही नित्याची गोष्ट झाली. ड्यूई अँड लबफ ह्या हजाराहून अधिक वकिलांच्या पेढीनें अनेक भागीदारांस ठराविक मोठ्या प्राप्तीची हमी दिली होती. उत्पन्न अपुरें पडूं लागतांच भागीदार एकामागून एक निघून गेले, आणि 2012 च्या मे महिन्यांत तिनें दिवाळखोरीचा अर्ज केला. क्रॅव्हॅथच्या पेढीनें आपली ज्येष्ठतेची वांटणी त्यानंतरही कांहीं वर्षें सांभाळली; 2021 सालीं तिलाही त्या नियमांत फेरफार करावा लागला.