सटवाईचे लिखित आणि बायकांची बैठक



ज्या बाईंच्या स्मृत्यर्थ हे व्याख्यान योजिले आहे, त्यांनी आम्हांला या शाळेत इतिहास शिकविला. आम्ही सनावळी घडाघडा म्हणून दाखविली की बाई शांतपणे विचारीत, "हे कुणी लिहून ठेवले?" आम्ही बखरकाराचे नाव सांगत असू. मग दुसरा प्रश्न येई : "आणि ज्यांचे कुणीच लिहून ठेवले नाही, त्यांचे काय?" या प्रश्नाचे उत्तर त्या वयात आम्हांला देता आले नाही. पुढे मी डॉक्टर झाले, आणि तो प्रश्न फार वेगळ्या ठिकाणी मला पुन्हा भेटला.

आपल्याकडे पाचवी-सहावीच्या रात्री सटवाई येऊन बाळाच्या कपाळी त्याचे भविष्य लिहिते, अशी समजूत आहे. बाराव्या दिवशी बारसे होते. त्याआधी जे मूल जाते त्याला नाव नसते, आणि पूर्वी सरकारी दप्तरातही त्याची नोंद क्वचितच होई. अर्भकमृत्यूंतील फार मोठा वाटा पहिल्या अठ्ठावीस दिवसांतला, आणि त्यातलाही बराचसा पहिल्या आठवड्यातला असतो. म्हणजे जेथे मरण सर्वांत दाट, तेथेच कागद कोरा.

ऐंशीच्या दशकात मी खानापूर तालुक्यातील एका आरोग्य केंद्रावर रुजू झाले. एका खेड्यात बायकांना गोळा करून, भिंतीवर तक्ते लावून मी तासभर व्याख्यान दिले. बाळाला पहिला चीक पाजावा, मध वा गूळपाणी चाटवू नये, नाळ उकळलेल्या पात्याने कापावी. सगळ्यांनी माना डोलावल्या. तीन महिन्यांनी त्याच गावात विळ्याने नाळ कापलेले एक मूल धनुर्वाताने गेले. मी रागावून विचारले तेव्हा एक वृद्धा म्हणाली, "बाई, तुम्ही सांगितलासा, आम्ही ऐकलं. इचारलासा कुठं?" तेव्हा मला ते उद्धट वाटले. आज ज्या इतिहासाविषयी बोलणार आहे, तो या एका वाक्याचा इतिहास आहे असे मी समजते.

त्याची आपल्या भाषेतील सुरुवात जामखेडची. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य वेल्लोरला वैद्यक शिकलेले. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास करून १९७० साली ते तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील या दुष्काळी तालुक्यात आले. प्रथम त्यांनी शिकलेल्या नर्सबाई खेड्यांत ठेवून पाहिल्या. परक्या गावच्या त्या तरुण मुली तेथे रुजेनात, आणि गावकऱ्यांचा त्यांच्यावर विश्वास बसेना. तेव्हा गावातीलच बाई का निवडू नये, अशी सूचना पुढे आली. निवडल्या गेलेल्या बहुतेक स्त्रिया निरक्षर होत्या, कित्येक दलित वस्तीतल्या. त्या दर आठवड्याला जामखेडला येत, एका पंगतीला जेवत, एका छपराखाली झोपत आणि शिकत. १९७० च्या दशकात जामखेडजवळच्या खेड्यातून आलेल्या बाईने ही पंगत स्वीकारणे ही केवढी उडी होती, हे आपल्यातील वडीलधाऱ्यांना वेगळे सांगायला नको.

परंतु एकट्या आरोग्यसेविकेने काम भागत नसे. गरोदरपणी कमी खावे म्हणजे बाळ लहान राहून सुटका सोपी होते, ही समजूत सुनेची एकटीची नसते. ती सासूची असते, शेजारणीची असते, साऱ्या आळीची असते. सुनेला उपदेश करून ती हलत नाही. सासू आणि शेजारीण एकत्र बसल्या तरच हलते. गावोगाव स्थापन झालेल्या महिला मंडळांचे खरे काम हे होते. त्यांत बचत, शेळ्या, पाणी असे सगळेच विषय निघत, आणि त्या ओघात बाळंतपणही निघे. प्रकल्पाच्या नोंदींनुसार १९७१ मध्ये दर हजार जन्मांमागे अर्भकमृत्यू १७६ होते, ते १९९३ मध्ये १९ वर आले. त्याच काळात भारताचा आकडा १२९ वरून ७४ पर्यंत उतरला. आरोळे दांपत्याला १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्याविषयी वर्तमानपत्रांत पुष्कळ आले आहे, म्हणून मी येथे थांबत नाही.

एक उणीव मात्र प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका तुलनात्मक अभ्यासात जामखेड प्रकल्पाच्या गावांत पहिल्या महिन्यानंतरचा बालमृत्यूचा धोका शेजारच्या गावांपेक्षा सुमारे ३० टक्क्यांनी कमी आढळला. पहिल्या महिन्यात मात्र ठळक फरक दिसला नाही. बारशाआधीचे ते बिननावाचे मूल अद्याप हाती लागले नव्हते.

त्या मुलाचा शोध नेपाळातील मकवानपूर जिल्ह्यात लागला. बोलिव्हियाच्या पहाडी इन्किसिवी प्रांतात १९९० च्या दशकाच्या आरंभी स्त्रियांच्या गटांनी असेच काम केले होते, त्यावरून ही कल्पना तेथे आली. गावचीच एक बाई महिन्यातून एकदा गट जमवी. ती उपदेश करीत नसे, प्रश्न विचारी. बैठका होणारी १२ क्षेत्रे आणि न होणारी १२ क्षेत्रे चिठ्ठी टाकल्याप्रमाणे निवडून तुलना केली गेली. २००४ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले : नवजात मृत्यू हजारी ३६.९ विरुद्ध २६.२. मातांचे मृत्यू एकीकडे ११, दुसरीकडे २. मातांचे आकडे लहान आहेत, त्यांवर फार मोठा इमला उभारू नये असे माझे मत आहे. पण वैद्यकाच्या जगाने प्रथमच या बैठकीकडे औषधाइतक्या गांभीर्याने पाहिले.

नंतरचा प्रयोग आपल्याच देशातला. झारखंडमधील चक्रधरपूर येथे डॉ. प्रशांत त्रिपाठी आणि डॉ. निर्मला नायर यांनी चालविलेल्या संस्थेचे नाव 'एकजुट'. मराठी कानाला ते लगेच आपले वाटते. झारखंड आणि ओडिशातील तीन जिल्ह्यांत २००५ ते २००८ या काळात २४४ गट चालले. त्यांतील बहुसंख्य आधीपासूनचे बचतगटच होते. वीस बैठकांचा क्रम असे. आधी आपल्याकडे काय घडते ते सांगायचे, त्यासाठी गोष्ट आणि चित्रांचे पत्ते. मग 'पण का?' हा खेळ. उदाहरणार्थ, बाळ दगावले. का? धनुर्वात झाला. पण का? नाळ गंजक्या पात्याने कापली. पण का? नवे पाते घरात नव्हते. पण का? आधी कुणी आणूनच ठेवले नाही. जो शेवट एरवी सटवाईच्या लिखितावर होतो, तो येथे चार आण्यांच्या पात्यावर येऊन थांबे, आणि ते कोण आणणार हे त्याच बैठकीत ठरे.

बैठका झालेल्या भागात नवजात मृत्यू तीन वर्षांत हजारी ५५.६, ३७.१ आणि ३६.३ असे उतरत गेले. न झालेल्या भागात ५३.४, ५९.६ आणि ६४.३. दवाखान्यात जाण्याचे प्रमाण काही विशेष वाढले नव्हते. सुधारले ते घरातले बाळंतपण : धुतलेले हात, उकळलेला दोरा, निव्वळ आईचे दूध. तिसऱ्या वर्षी मातांमधील मध्यम स्वरूपाचे नैराश्यही निम्म्याहून कमी आढळले. बोलायला जागा मिळाली, एवढ्यानेही काही होते की काय, हा प्रश्न मी श्रोत्यांवर सोपविते.

हीच पद्धत बांगलादेशात नेली तेव्हा प्रथम अपयश आले. तेथे सुमारे १४०० लोकवस्तीमागे एक गट होता. झारखंडात सुमारे ४७० मागे एक. गट वाढवून सुमारे ३०० लोकांमागे एक केल्यावर तेथेही मृत्यू ठळकपणे घटले. २०१४ साली जागतिक आरोग्य संघटनेने अशा गटांची शिफारस केली. पुढे झारखंड-ओडिशातच, २००५ पासून नेमल्या गेलेल्या आशा कार्यकर्तींनी बैठका घेतल्या तरी परिणाम टिकतो, हेही सिद्ध झाले.

बांगलादेशाचा तो १४०० चा आकडा वाचला तेव्हा मी माझ्या जुन्या वह्या काढल्या. खानापुरातील त्या गावची वस्ती जवळजवळ तेवढीच होती, आणि तीन महिन्यांत मी तेथे एकच बैठक घेतली होती, तीही व्याख्यानाची. गेलेले मूल नऊ दिवसांचे होते. मुलगी होती. त्या दिवशी मी तिची नोंद वहीत केली होती : गाव, तारीख, कारण. नावाचा रकाना रिकामा आहे.