एका विमानपथकाचे मानचिन्ह

कोल्हापूरजवळ वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची वसाहत होती, हे वाचकांपैकी पुष्कळांस ठाऊक असेलच. त्यांचेच देशबांधव महायुद्धात इंग्लंडच्या आकाशात ज्या मानचिन्हाखाली लढले, त्याचा इतिहास बोधप्रद असल्याने येथे थोडक्यात देत आहे.

सैन्याच्या चिन्हावर बहुधा सिंह, गरुड अथवा खड्ग असावयाचे. ३०३ क्रमांकाच्या पोलिश विमानपथकाच्या चिन्हावर यांपैकी काहीच नव्हते. मध्यभागी तांबडी चौकोनी टोपी, फुलीसारखे ठेवलेले दोन लांब विळे, आणि त्यांमागे तेरा तारे व तेरा पट्टे!

टोपी आणि विळे शेतकऱ्यांचे होत. १७९४ साली तादेउश कोश्चुश्को या सेनानीने रशियाविरुद्ध उठाव केला. बंदुका अपुऱ्या होत्या. तेव्हा वेठीने राबणाऱ्या शेतकऱ्यांनी गवत कापावयाची पाती काठ्यांवर सरळ ठोकली आणि ४ एप्रिल रोजी रात्स्वावित्से येथे रशियन तोफांवर धावून जाऊन त्या हस्तगत केल्या. कोश्चुश्को जन्माने उमराव. परंतु त्याने त्यांच्या सन्मानार्थ शेतकऱ्याचा अंगरखा परिधान केला, आणि ७ मे रोजी जाहीरनामा काढून त्यांची वेठ कमी केली. त्या वर्षअखेर उठाव मोडला. विळे मात्र लोकांच्या स्मरणात राहिले.

तारे व पट्टे अमेरिकेच्या मूळ तेरा वसाहतींचे. त्यांच्या स्वातंत्र्ययुद्धात कोश्चुश्कोने तटबंदीच्या कामात मोलाचे साहाय्य केले होते. त्या ऋणाचे स्मरण ठेवून १९१९ साली मेरियन कूपर आदी अमेरिकन वैमानिक नवस्वतंत्र पोलंडच्या मदतीस गेले. आपल्या पथकास त्यांनी कोश्चुश्कोचे नाव दिले. त्यांच्यापैकी इलियट चेस यांनी हे चिन्ह रेखाटले.

अमेरिकन मायदेशी परतले. चिन्ह पोलिश वैमानिकांनी जतन केले. १९३९ मध्ये देश पडला, तेव्हा ते त्यांच्यासह इंग्लंडला गेले. १९४० च्या हवाई युद्धात या पथकाच्या नावे शत्रूची १२६ विमाने नोंदली गेली. पुढील संशोधनाने आकडा घटला, तरी अग्रगण्य पथकांतील त्याचे स्थान ढळले नाही. १९४६ च्या डिसेंबरात पथक विसर्जित झाले, आणि त्यातील कित्येकांस मायदेश पुन्हा दिसला नाही.

कोश्चुश्कोच्या घराण्याचे स्वतःचे कुलचिन्ह होते. त्याच्या नावाच्या पथकाने मात्र ते घेतले नाही. घेतला तो शेतकऱ्याचा विळा. खंडेनवमीस आपणही पूर्वजांच्या तलवारीशेजारी विळा-कोयता मांडून पूजतो. त्या वेळी ज्या हातांनी तो चालविला, त्या हातांचेही स्मरण आपण ठेवावे, एवढीच नम्र विनंती.