खेळरचनेचे शिक्षण आणि 'जर–तर'ची भाषा

मुलांसाठी 'लोगो' ही संगणकभाषा १९६७ साली सिद्ध झाली. २००७ मध्ये 'स्क्रॅच'मुळे व्हिडिओ गेम रचणे त्यांच्या आटोक्यात आले. भारतात २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या टप्प्यावर कोडिंगचा पुरस्कार केला.

परंतु खेळरचना म्हणजे मुख्यतः नियमरचना होय. परंपरा ज्याचे कर्तृत्व ज्ञानेश्वरांकडे देते, तो मोक्षपट पाहावा. सोंगटी जर सापाच्या तोंडी आली, तर ती खाली उतरते. संगणकास द्यावयाची आज्ञाही ह्याच घडणीची असते. डाव, भिडू, राज्य, बाद ही परिभाषा कोल्हापुरातील मुलांस खेळातूनच अवगत असते.

शाहू छत्रपतींनी १९१७ साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. शाळेचे दार उघडले, तसे ह्या नव्या विद्येचेही उघडावयाचे, तर नियम प्रथम मराठीत लिहवून घ्यावेत. एरवी मुले आज्ञा पाठ करतील. रचना शिकणार नाहीत.